राक्षस तीनदा मेला

राक्षसाचा जीव पोपटात असतो, ही गोष्ट मी वर्गात इतक्यांदा सांगितली आहे की आता मुलंच मला सांगतात. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी तिचं नाटक करायचं ठरलं, तेव्हा मी हट्ट धरला, सगळं गाण्यात व्हायला हवं. ऑपेरा करतात तसं. "पाणी दे" हेसुद्धा सुरात. मुख्याध्यापक म्हणाले, आपल्या वाटूर गावची माणसं उठून जातील. कुणी नको म्हटलं की मला जोर चढतो. मी म्हटलं, जाऊ द्या.

चाली बसवल्या आमच्या गणिताच्या सरांनी. लहानपणापासून विहारात पेटी वाजवणारा माणूस. राजकन्येच्या रडण्याला त्यांनी मिरवणुकीचा असा ठेका दिला की तिच्यासोबत रडायचं सोडून नाचावंसं वाटे. पोपट झाली सातवीतली एक चुणचुणीत मुलगी. राक्षस काही मिळेना.

"मॅडम, माझ्या बाबांना घ्या ना," ती म्हणाली. "मेंढ्यांमागं गातेत तर वढ्याच्या पल्याड बराबर ऐकू जातं."

तिच्या बाबांना मी ओळखत होते. बोलताना ते अडखळायचे आणि अख्खं गाव त्यांची वाक्यं पुरी करायचं. "सा..." म्हणेपर्यंत दुकानदार साबण हातात ठेवी. साखर हवी असली तरी बिचारे साबण घेऊन घरी जात. पालकसभेत मीही तेच करायची.

तालमीला आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, म-मला..."

"जमेल हो तुम्हाला!" मी म्हणून टाकलं. त्यांना 'भीती वाटते' म्हणायचं होतं, हे मला पोरीनं नंतर सांगितलं. आणखी एक सांगितलं, "बाबा म्हणाले, गावासमोर अडकलो तर पुन्हा तोंड उघडणार न्हाई." पण पेटी सुरू झाली की त्यांच्या तोंडून शब्द न अडकता यायचे, आणि तो आवाज ऐकून सर वाजवायचं थांबायचे.

प्रयोगाच्या दिवशी काळं घोंगडं पांघरून राक्षस मंचावर आला. समोरची गर्दी बघितली आणि गप्प. तोंड उघडं, सूर नाही. लगेच पुढच्या रांगेतून मदत सुरू झाली, "मी राक्षस हाय, म्हण की!" "मला भूक लागली, म्हण!" गाव सवयीनं वाक्य पुरं करत होतं.

तेवढ्यात पिंजऱ्यातल्या पोपटानं फक्त सूर लावला. शब्द एकही नाही. बाबांनी लेकीकडे पाहिलं, तो सूर उचलला, आणि मंडप दणाणला.

पोपटाची मान मुरगळल्यावर राक्षस गात गात मरतो. असा काही मेला की लोक ओरडले, "वन्स मोअर!" मेलेला राक्षस उठला, पुन्हा मेला. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा मान मुरगळून घेताना पोपटाला हसू आवरेना. मी हसत होते आणि रडतही होते.

पडद्यामागे ते घामानं निथळत माझ्याकडे आले. "म-मॅडम, पु-पुढच्या साली..."

पुढच्या साली पुन्हा करू, एवढंच असणार, शब्द माझ्या ओठांवर आलेच होते. पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती. मी दात घट्ट आवळले आणि उभी राहिले. त्यांनी हवा तेवढा वेळ घेतला.

"पुढच्या साली प-प-पोपट मारायचा न्हाई."