न्हाऊ घालणारी धुरपता

आमच्या माकणीत धुरपताबाईच्या हातात आता कुणी मूल देत नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत गावात कुणाची लेक बाळंतपणाला आली, की डॉक्टरच्या आधी हिला निरोप जायचा. आता ती समोरून आली तर लेकुरवाळ्या बायका पोराला पदराखाली झाकून घेतात. कारण सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण गावाला ठाऊक आहे ते अर्धंच. उरलेलं अर्धं माझ्यापाशी आहे.

धुरपताबाई माझी सख्खी आत्या. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडलांकडे परत आली ती कायमचीच. मी नऊ वर्षांची असताना आई गेली. त्यानंतर माझी वेणी, माझा डबा, माझं आजारपण सगळं आत्यानं काढलं. आमच्यात आत्याला तोंडावर अहो-जाहोच करायचं, मनात मात्र ती माझी आईच होती.

लेकरं न्हाऊ घालणं हे तिचं काम. काम म्हणजे धंदा नव्हे. बारशाला एक लुगडं आणि नारळ मिळाला की ती खूश. पाटावर बसून पाय लांब पसरायची, नडग्यांवर बाळ पालथं घालायची, कोपर बुडवून पाणी बघायची आणि मग करडईच्या तेलानं असं काही चोळायची, की बाळ आधी गाव गोळा करायचं आणि मग चार तास झोपायचं. गावातले निम्मे लोक तिच्या पायावरून गेलेले. एकदा ग्रामसभेत एक पुढारी फार जोरात बोलायला लागला, तर ही मागून म्हणाली, "याचं नाक म्याच वर काडलंय, न्हाईतर निस्ता बटाटा व्हता." सभा तिथंच संपली.

माझी अक्षदा मार्चमध्ये झाली. आत्यानं तिला पहिल्या दिवसापासून हातात घेतलं आणि मला बाजेवर टाकलं. शेकशेगडी, ओव्याची धुरी, डोक्याला फडकं, कानात कापूस. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस तापमान, वर पत्रा, खाली निखारे! मी वैतागून रडायची. पुण्यात नोकरी करणारी, स्वतःला फार शहाणी समजणारी बाई मी. पण त्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. थंडी. लग्नानंतर आम्ही मुन्नारला जाणार होतो, आणि ऐन वेळी सासरे आजारी पडल्यामुळे ते राहिलं होतं. त्या हॉटेलचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून होते. मी बाजेवर पडून ते बघायची. हिरवे डोंगर, त्यावर धुकं. मला हुडहुडी भरायला हवी होती, बस.

जुलैमध्ये मी उत्कर्षच्या मागेच लागले. उत्कर्ष माझा नवरा. तो म्हणत होता, पोरगी लहान आहे, दिवाळीनंतर जाऊ. मी दोन दिवस जेवले नाही. शेवटी तो कंटाळून हो म्हणाला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर सगळे म्हणाले की उत्कर्षनं बायकोची हौस केली आणि त्या म्हातारीनं घात केला. हौस माझी होती आणि हट्टही माझाच.

आत्या ऐकूनच भडकली. "तीन-चार म्हयन्याचं लेकरू घिऊन डोंगरात कशाला निघालाव? हितं काय कमी हाय?" पण अक्षदाला न्हाऊ घालायला मला येत नव्हतं. मग आत्याच म्हणाली, "म्या येते. तुमच्या हातात लेकरू दिलं तर धुऊन वाळत घालताल." गोधडी, तेलाची बाटली, वेखंड, ओवा, सगळं एका पिशवीत भरून ती आमच्यासोबत सोलापूरहून गाडीत बसली.

एर्नाकुलमहून पुढं मोटारीनं घाट चढलो. वर गेल्यावर काचा धुक्यानं पांढऱ्या झाल्या आणि मला पहिल्यांदा खरी थंडी वाजली. मी वेड्यासारखी हसत होते. दोन्ही बाजूंना चहाचे मळे, डोंगर कापून गाद्या अंथरल्यासारखे. आत्या काच पुसून पुसून बघत होती. मग म्हणाली, "एवढं हिरवं, आन् एक बी जनावर न्हाई. खायाचं काय पिकतं हितं?" पानं तोडणाऱ्या बायका कमरेला प्लास्टिकचा कागद गुंडाळून पावसात उभ्या होत्या, पाठीवर पोती, पायात रबरी बूट. एकीनं पोटरीवरची जळू काढून फेकली. आत्या म्हणाली, "ह्यांची लेकरं कोन बघत आसंल गं?" मी मोबाइलवर फोटो काढत होते.

आमची उतरायची जागा म्हणजे मळ्यातला एक जुना बंगला. लाकडी जमीन, जाड भिंती, काचेच्या खिडक्या आणि त्यांना पितळी कड्या. दोन दिवस पाऊस थांबला नाही. काही दिसलंही नाही म्हणा, खिडकीबाहेर नुसतं दूध. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली ती गेलीच. दुपटी वाळेनात. अक्षदाला शिंका सुरू झाल्या. मी मनातून घाबरले, पण हट्ट माझा असल्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्कर्ष ड्रायव्हरबरोबर चहाचा कारखाना बघायला गेला. बंगल्यामागच्या स्वयंपाकघरात लाकडं पेटवून पाणी तापवत. आत्यानं अक्षदाला तिथंच न्हाऊ घातलं, दुपट्यात घट्ट बांधून आणलं आणि म्हणाली, "लई गार पडलंय लेकरू. शेक द्यावा लागंल." तिनं तिथल्या राखणदाराकडून लोखंडी घमेल्यात निखारे मागून घेतले. त्याची भाषा तिला येत नव्हती, तिची त्याला. त्यानं खिडकीकडं दाखवून ती उघडी ठेवायची खूण केली. आत्यानं मान डोलावली. तेवढं तिला सांगायची गरज नव्हती. आमच्या घरात भिंत आणि पत्रा यांच्यात हातभर फट, दाराला खाली फट, आणि तरीसुद्धा शेगडी ठेवली की ती दार अर्धं उघडं ठेवायची. चाळीस वर्षं.

घमेल्याखाली विटा ठेवल्या, निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाच्या साली टाकल्या. स्वतःचे तळवे शेकून अक्षदाच्या पोटाला, टाळूला, पावलांना लावले. मग उठून तिनं खिडकी वीतभर उघडली. "हितली घरं लई गच्च हायती. वारं खेळू दे जरा." ओली दुपटी चुलीच्या धगीवर वाळवायला घेऊन ती मागं गेली. जाताना म्हणाली, "म्या आलेच. झोपा दोघी."

खिडकीतून धुकं आत यायला लागलं. पडदा हलत होता. अक्षदाचं नाक लाल दिसलं, पुन्हा एक शिंक आली. मी उठले, खिडकी ओढली आणि कडी घातली. पाच सेकंदांचं काम. मला काहीच वाटलं नाही. उलट आत्याचा राग आला, की एवढ्या थंडीत हिला खिडकी उघडायचं कसं सुचतं. मग मी लेकीला कुशीत घेतलं. खोली उबदार झाली होती, ओव्याचा वास येत होता. बाळंतपणानंतर इतकी गाढ झोप मला पहिल्यांदाच लागली. लिहायला लाज वाटते, पण ती झोप फार गोड होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. तासाभरानं आत्या दुपट्यांचा गठ्ठा घेऊन आली. तिनं दार ढकललं आणि बंद खिडकी बघितली. आधी अक्षदाला उचलून बाहेर गवतावर ठेवलं, मग मला काखेत धरून ओढत आणलं. पासष्ट वर्षांची बाई. मग पावसात बसून तिनं लेकीला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडाला तोंड लावून फुंकलं. न रडणारी अर्भकं तिनं अशीच रडवली होती. पानं तोडणाऱ्या बायका धावत आल्या. जीपमधून दवाखान्यात नेईपर्यंत ती फुंकतच होती.

अक्षदा गेली होती. मी वाचले.

मला जाग आली तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. पडद्यापलीकडं उत्कर्षचा आवाज येत होता. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "निखारे ठेवून खिडकी कुणी बंद केली?"

आणि आत्या म्हणाली, "म्याच लावली. लेकराला वारं लागंल म्हनून."

मी शुद्धीवर होते. मला शब्द न् शब्द कळला. मी मास्क काढू शकले असते. नुसतं हुं केलं असतं तरी कुणीतरी पडदा सारला असता. मी डोळे मिटून घेतले. त्या क्षणी मला लेकीचं दुःख नव्हतं, भीती होती. उत्कर्ष हा आवाज माझ्यावर काढेल याची भीती. पोलिस आले, ड्रायव्हरनं भाषांतर केलं, आत्यानं तेच सांगितलं आणि अंगठा दिला. अपघात म्हणून कागद झाला.

एवढ्या लहान लेकराला पुरतात. गावी न्यायचं म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, ते शक्य नव्हतं. मळ्यातल्या कामगारांची पुरायची एक जागा होती उतारावर, तिथं खड्डा काढला. पुरण्याआधी आंघोळ घालायची होती. आत्यानं पाणी कोमट करून आणलं आणि अक्षदाकडं हात केले. उत्कर्ष मधे आला.

"हात लावायचा नाही तिला."

आत्याचे हात तसेच पुढं राहिले. जन्मात पहिल्यांदा कुणी तिच्या हातात लेकरू द्यायचं नाकारलं होतं. शेवटी एका पानं तोडणाऱ्या बाईनं, जिचं नावही आम्हाला ठाऊक नाही, माझ्या लेकीला आंघोळ घातली. आत्या चार पावलांवर उभी राहून बघत होती आणि मधेच म्हणत होती, "मान धर. मान धर तिची." त्या बाईला ते कळत नव्हतं. मी दोघींच्या मधोमध बसले होते. तेव्हाही मी बोलले नाही.

अक्षदा तिथंच राहिली. आम्ही तिघं परत आलो.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. पहिल्या महिन्यातच तिला येणारे निरोप थांबले. एकीनं तर आठ दिवस न्हाऊ घालून घेतलं होतं, तिनं अर्ध्यावर बंद केलं. आत्या कुणाला काही म्हणाली नाही. दुसऱ्याच्या रानात सोयाबीन खुरपायला जायला लागली. उत्कर्षनं अण्णांना बजावलं, की ती बाई त्या घरात असेल तर मी निकिताला, म्हणजे मला, माहेरी पाठवणार नाही. अण्णा भावापेक्षा जावयाचे सासरे जास्त. त्यांनी तिची बाज शेतातल्या आखाड्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये हलवली. मी पुण्यात होते. मला फोनवर कळलं. मी "बरं" म्हणाले. दोन अक्षरं.

दोन वर्षांत मी स्वतःला किती वेळा सांगितलं की आज बोलू. उत्कर्ष हळूहळू सावरत होता, पुन्हा हसायला लागला होता, आणि मी म्हणायचे, आज नको. खरं म्हणजे आत्या गप्प राहील याची मला खात्री होती. मी तिच्या चांगुलपणावर जगत होते.

या फेब्रुवारीत मला मुलगा झाला. आत्या घरात नसावी ही उत्कर्षची अट पाळली गेली होती, म्हणून मी बाळंतपणाला माकणीला आले. बाळाची आंघोळ दवाखान्यातल्या नर्सनं शिकवल्याप्रमाणे मीच घालते, टबात, घाबरत घाबरत. त्याची मान माझ्या हातात कधीच नीट बसत नाही.

बाराव्या दिवशी दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. आत्या होती. हातात शेपूची जुडी. बाळंतिणीसाठी आणली होती, उंबऱ्यावर ठेवून निघालीच होती. अण्णा बाजाराला गेले होते, घरात कुणी नव्हतं. ती किती वाळली होती! मी बाळाला घेऊन तशीच दारात गेले.

"आत्या," मी म्हणाले, "ती खिडकी मी लावली होती."

ती वळली नाही. म्हणाली, "मला ठावं हाय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुला नांदायचं व्हतं." पदर सावरत ती म्हणाली, "माजं काय, एक पोट."

मी रडायला लागले. बाळ पुढं केलं आणि म्हणाले, "घ्या ना. एकदा घ्या." तिनं वळून त्याच्याकडं पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, जशी ती प्रत्येक नवं लेकरू पाहायची. हात मात्र पदराखालीच ठेवले.

"जावयाला सांगितलंस का?"

मी मान हलवली. नाही. अजूनही नाही. हे लिहिते आहे तोवरही नाही.

तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ती फक्त एक पाऊल जवळ आली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "रडू नको गं. बाळंतिनीनं रडू नये. दूध आटतं."