भागीरथाचा शनिवार

नागभीडकडच्या एका धानाच्या गावात भागीरथा रामटेके आशाताईचं काम करते. शनिवारी सकाळी तिची शिट्टी वाजली की घरोघरचे रांजण, टाक्या, कुलर आणि कोंबड्यांची पाण्याची भांडीसुद्धा रिकामी होतात. सरकारी भाषेत याला कोरडा दिवस म्हणतात, गावात मात्र 'भागीरथाचा शनिवार'. आधी लोक तिला पाहून दार लावून घ्यायचे. तीन वर्षांपूर्वी लटारूभाऊंची लेक मयुरी डेंग्यूनं गेली, नागपूरच्या वाटेवर, भागीरथाच्याच मांडीवर. तेव्हापासून ही बाई हात धुऊन डासांच्या मागे लागली आणि गावही हळूहळू तिच्या शिट्टीवर चालू लागलं.

अशा गावात एका प्रयोगासाठी डॉक्टर नंदिनी डासांची अंडी घेऊन आल्या. ग्रामसभेत आधी हशा पिकला, मग वाद पेटला. मॅडमनी समजावलं की या डासांच्या अंगात एक जीवाणू असतो. माणसाला त्याचा त्रास नाही, पण तो असला की डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. मादीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरतो, आणि तो नसलेल्या मादीची अशा नराशी जोडी जमली तर तिची अंडी उबत नाहीत, म्हणून गावात हळूहळू असेच डास उरतात. वामनराव म्हणजे गावातलं सगळ्यात तिखट तोंड. आजवर मारले ते डास आता पाळायचे काय, असं त्यांनी विचारलं. भागीरथानं वाद घातला नाही. मॅडमच्या जाळीच्या पिंजऱ्यात तिनं सरळ हात घातला, डासांना पोटभर चावू दिलं आणि ज्याला भीती वाटते त्यानं महिनाभर माझ्याकडे बघावं, असं सांगून मोकळी झाली. गाव कबूल झालं.

चाळीस घरी सावलीत झाकणाच्या पांढऱ्या बादल्या टांगल्या. आत पाणी, अंडी आणि अळ्यांचं खाद्य, झाकणाला डास उडून जाण्यापुरती भोकं. पंधरा दिवसांनी मॅडमनी डास पकडायचे सापळे तपासले, तर नवा डास औषधालाही नव्हता. मग बादल्या उघडल्या. एकूणएक बादली कोरडी, घासून लख्ख केलेली, वर पुन्हा झाकण लावून टांगलेली. पुढची खेपही अशीच गेली तर प्रयोग दुसऱ्या गावी न्यावा लागेल, असं मॅडमनी स्पष्टच सांगितलं. भागीरथाला ते पटेना. जिथून मयुरी गेली, त्याच गावातून हे परत जायचं?

हे काम वामनरावांचंच, याची तिला खात्री होती. तणतणत ती त्यांच्या अंगणात शिरली आणि तुम्ही बादली सांडवली का म्हणून विचारलं. म्हाताऱ्यानं शांतपणे मान डोलावली.

"सांडवली ना. तूच तं शिकवलं बाई, शिट्टी वाजली का पानी सांडाचं. तुह्या शिट्टीले मी नाई म्हनू काय?"

चाळीसही घरी हेच उत्तर मिळालं. बादल्या टांगताना आपण शनिवारचं बोललोच नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. तिला रडूही येत होतं आणि ऊरही भरून येत होता. एवढं ऐकणारं गाव कुणाच्या नशिबी असतं?

नव्या बादल्या आल्या, तेव्हा तिनं नवा नियम केला. शिट्टी वाजली की घरातल्या एकानं बादलीवर हात ठेवून उभं राहायचं, बाकीच्यांनी पाणी सांडायचं. पहिल्या शनिवारी वामनराव काठी टाकून उभे राहिले. लटारूभाऊंनी तर दोन्ही हात ठेवले, आणि सगळं गाव कोरडं होईपर्यंत काढले नाहीत.

वर्षभरानं सापळ्यातल्या दहा डासांपैकी नऊ नवे निघाले. त्या पावसाळ्यात गावात डेंग्यूचा एकही रोगी सापडला नाही. एका गावाच्या एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही, हे मॅडमनी बजावून सांगितलं, पण सांगताना त्याही हसत होत्या. मग अहवाल लिहिताना त्या अडल्या. पहिली खेप वाया गेली, त्याचं कारण काय लिहायचं?

भागीरथानं गळ्यातली शिट्टी पदराला पुसली.

"लिहा मॅडम, गावानं माह्यं ऐकलं."