वज्रेश्वरी रोडवरची मुंबई

भिवंडी स्टँडवरून वज्रेश्वरीची बस सुटली आणि आमच्या ह्यांनी माझ्याकडे एक मागणं केलं.

"सुनंदा, आज दिवसभर 'आमच्या मुंबईत' हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. मला वचन दे."

मी हसले. ते हसले नाहीत. मग मीही गंभीर होऊन वचन दिलं. पुढच्या सीटवरून सासूबाई मागे न वळताच म्हणाल्या, "न्हाय जमायचं तिला."

त्यांचंही चुकलं नव्हतं. मी मुंबईतल्या नायगावची. लग्न होऊन भिवंडीत आले त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षं मी रोज काही ना काही कारणानं मुंबई काढत होते. इथला पाव घट्ट, आमच्या मुंबईत मऊ. इथे दिवसभर लूमची (यंत्रमागाची) खटखट, आमच्या मुंबईत समुद्राचा आवाज. खरं तर नायगावच्या आमच्या खोलीतून समुद्राचा नाही, शेजारच्या नळाचा आवाज यायचा. पण माहेर लांब असलं की त्याला समुद्र जवळ येतो.

माझे यजमान मिलिंद हे लूमच्या कारखान्यात वायरमन. मी मुंबई काढली की ते पेपर उघडून त्यात डोकं घालत. मुंबईला ते जात नसत असं नाही. लोहार चाळीत जाऊन वायरी आणि स्विच घेत आणि आल्या पावली परत फिरत. सहा डिसेंबरला आम्ही सगळे दादरला चैत्यभूमीवर जायचो, तिथूनही सरळ घरी. एकदा मी म्हटलं, मरीन ड्राइव्हचे दिवे तरी बघून या. तर म्हणाले, "दिवेच बघायचे तर घरी काय कमी आहेत? सगळ्या आळीचे दिवे मीच लावतो."

अशा माणसानं मुंबई बांधायला घेतली होती! त्याचं असं झालं, की जवळच्या अंजूर गावच्या जनूशेठनी वज्रेश्वरी रोडला एक रिसॉर्ट काढलं. शेठचं घराणं शेतकऱ्यांचं. शेतात गोडाऊनं उभी राहिली आणि शेठच्या डोक्यात कल्पना उभ्या राहू लागल्या. ज्यांना मुंबई लांब पडते त्यांच्यासाठी इथेच मुंबई करायची, असं त्यांनी ठरवलं. नाव ठेवलं 'छोटी मुंबई'. विजेचं सगळं काम ह्यांच्याकडे आलं. उद्‌घाटन नीट पार पडलं तर कायमची नोकरी देतो, असं शेठनी सांगितलं होतं. ह्यांनी तेवढ्या शब्दावर कारखान्यातली ड्युटी सोडली होती. लोक महिनाभर येतच होते, पण रीतसर समारंभ त्या संध्याकाळी होता. म्हणून ते वचन. म्हणून मी गप्प.

बसमधून उतरलो तेव्हा दुपारचे तीन झाले होते. समोर भातशेती, तिच्या पलीकडे डोंगर, आणि मधोमध गेटवे ऑफ इंडिया.

गेटवे गुलाबी होता. पेंटरनं तो कुठल्याशा बिस्किटांच्या डब्यावर बघितला होता आणि डब्याचा रंग उडालेला होता. पण कमान छान होती. आत शिरले तर डावीकडे 'पुरुष' आणि उजवीकडे 'स्त्रिया' अशा पाट्या.

"अहो, हे काय?"

"मुताऱ्या," हे म्हणाले. "एवढी मोठी भिंत वाया कशाला घालवायची, असं शेठचं म्हणणं."

माझ्या ओठांपर्यंत ते दोन शब्द आले. मी दात घट्ट आवळले.

गेटवेसमोरच्या चौकात कोंबड्या फिरत होत्या. शेठनी आधी कबुतरं आणली होती, पण ती सोडल्याबरोबर उडून गेली. कोंबड्या उडून जात नाहीत. शहरातून आलेली एक बाई त्यांना चणे टाकत होती आणि तिचा नवरा फोटो काढत होता. कोंबडा मध्ये मध्ये करत होता, पण एकूण देखावा मुंबईसारखाच होता.

पुढे लाल डबलडेकर. म्हणजे एक जुना टेम्पो आणि त्याच्यावर प्लायवुडचा मजला. वरच्या मजल्यावर पाटी होती, 'एका वेळी दोनच माणसांनी बसावे. हसू नये, मजला हलतो.' एवढं वाचल्यावर हसू आवरणार कसं? वरचं जोडपं हसत होतं आणि खालचे लोक ओरडत होते.

मग आली चौपाटी. तानसा नदीची वाळू आणून पसरली होती. भेळेच्या गाडीवर मूळचे आझमगढचे एक गृहस्थ होते. आठवडाभर लूम चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी चौपाटी सांभाळायचे. त्यांनी मोठ्या उत्साहानं भेळ करून दिली. एक घास घेतला तर कुरमुऱ्यांऐवजी पोहे आणि शेंगदाणे उकडलेले.

"भाईसाब, आप बंबईमें कहाँ खाए थे ये भेल?" मी विचारलं. वचन मराठीतलं होतं, हिंदीतलं नव्हतं.

"बहनजी, बंबई तो हमने देखीही नहीं," ते म्हणाले. "गाँवसे गाडीमें बैठे, कल्याण उतरे, सीधे भिवंडी. सेठने बोला भेल बनाओ, तो हमने सोचा भेल ऐसीही होगी."

न बघता, न चाखता, नुसत्या अंदाजानं केलेला तो पदार्थ मी सगळा संपवला. वाईट नव्हता. भेळ नव्हता, एवढंच.

तेवढ्यात सासूबाई दिसेनाशा झाल्या. शोधलं तर त्या अरबी समुद्रात होत्या.

हा समुद्र म्हणजे एक मोठं तळं. त्यात पाइपानं वज्रेश्वरीकडच्या गरम झऱ्याचं पाणी सोडलेलं. समुद्रातून वाफा निघत होत्या. काठाला सात-आठ म्हाताऱ्या लुगडी गुडघ्याच्या वर खोचून, पाय सोडून ओळीनं बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध आमच्या सासूबाई, डोळे मिटलेल्या.

"सुनंदे," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "मुंबईचा समुद्र असा ऊन ऊन हाय, ह्ये तू कवा बोलली न्हाईस."

"आई, खरा समुद्र गार असतो."

"मंग त्याचा उपेग काय? माजं गुडघं बोलाया लागलं बघ." शेजारच्या म्हातारीनं मान डोलावली. तिचेही बोलत असावेत.

मी त्यांच्याजवळ टेकले आणि तळ्याच्या काठाकाठानं नजर फिरवली. अर्धगोल रस्ता, त्यावर दिव्यांचे खांब. हेच ह्यांचं खरं काम. तीन महिने ते ह्याच्यासाठी खपत होते. मरीन ड्राइव्ह! समारंभाच्या मंडपाशेजारी मातीचा ढिगारा होता, त्यावर निळी पाटी, 'मलबार हिल'. लांबच्या टोकाला दुसरी पाटी, 'नरिमन पॉइंट'. मी मलबार हिलवर जाऊन उभी राहिले आणि पाटी पुन्हा वाचली.

मलबार हिलवरून बघितलं की समुद्र उजव्या हाताला दिसतो. इथे तो डाव्या हाताला होता. मरीन ड्राइव्ह उलटा झाला होता.

दुसरं कोणी असतं तर त्याच्या लक्षातही आलं नसतं. पण उद्‌घाटनाला मुंबईहून एक मोठे साहेब येणार होते आणि ते मरीन ड्राइव्हलाच राहात होते. त्यांच्यासमोर हसं झालं तर ह्यांची नोकरी लागायच्या आधीच जाणार.

मी सासूबाईंना विचारलं, "आई, बोलू की गप्प बसू?"

"अकरा वरसं न विचारता बोललीस. आज कशाला इचारतेस?"

मी ह्यांना बाजूला बोलावलं. हे स्विचबोर्डापाशी उकिडवे बसले होते. मी एका दमात सांगून टाकलं. त्यांचा चेहरा पडला.

"वचन दिलं होतंस, सुनंदा."

"ते दोन शब्द मी अजून बोललेले नाही. हे बघा." मी वाळूत बोटानं रस्त्याची कमान काढली, समुद्र काढला, टेकडी काढली. त्यांनी एकदा वाळूकडे बघितलं, एकदा खांबांकडे. इलेक्ट्रिकचा माणूस, आकृती काढली की त्याला लगेच कळतं.

"खांब उपटायला आठ दिवस लागतील," ते हळूच म्हणाले. "साहेब अर्ध्या तासात येतील."

"खांब कशाला? पाट्या बदला! नरिमन पॉइंट इकडे, मलबार हिल तिकडे. मग समुद्र बरोबर बाजूला येतो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्न ठरतानाही बघितलं नव्हतं. मग शिडी घेऊन धावत सुटले. त्यांनी पाट्या उतरवल्या. नरिमन पॉइंट काखेत मारून ते एकीकडे पळाले, मी मलबार हिल डोक्यावर घेऊन दुसरीकडे. पत्रा मोठा होता आणि मला पुढचं काही दिसत नव्हतं. डबलडेकरपाशी मी कोणावर तरी आपटले.

"अहो बाई, मलबार हिल कुठं घेऊन निघालात?"

पाटी वर करून बघितलं तर सफारी घातलेले एक गृहस्थ, मागे जनूशेठ हार घेऊन. साहेब लवकर आले होते.

"जागेवर नेतेय," मी म्हटलं आणि पळाले.

दिवेलागणीला सगळे मंडपात जमले. पाट्या लागल्या होत्या. मलबार हिल जरा तिरकी लागली होती. साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मंडपाशेजारच्या ढिगाऱ्याकडे बोट केलं. "शेठ, नरिमन पॉइंटला टेकडी कधी झाली?"

शेठना अर्थातच काही माहीत नव्हतं. पण ते शेतात भरणी करून गोडाऊनं उठवणारे. जराही न अडखळता म्हणाले, "भरणी चालू हाय, साहेब!"

साहेब इतके हसले की खुर्ची करकरली. "मग अगदी बरोबर आहे, नरिमन पॉइंट भरणीवरच तर उभा आहे," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

एकेक करून दिवे लागत गेले. तळ्यात त्यांची पिवळी प्रतिबिंबं पडली, वरून वाफा चाललेल्या, आणि काठावरच्या म्हाताऱ्या "आगं बया" म्हणून थांबल्या. मला वाटलं होतं मी हसेन. पण हसू आलं नाही.

एक दिवा मात्र लागला नाही. मलबार हिलकडून सातवा. शेठ कडाडले, "मिस्त्री! बल्ब गेला काय?"

"नाही शेठ," हे म्हणाले. "तो बंदच असतो."

"कोण म्हणतो?"

"ही सांगते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खांब मोजले. मग आठवलं. मी लहान असताना आमचे दादा, म्हणजे वडील, सुट्टीच्या संध्याकाळी आम्हाला मरीन ड्राइव्हला न्यायचे. तिथला मलबार हिलकडून सातवा दिवा कायम बंद असायचा. दादा मुद्दाम त्याच्याखाली बसवायचे, कारण अंधारात बसलं की बाकीचे दिवे जास्त छान दिसतात. लग्न झालं त्या वर्षी कधीतरी मी ही गोष्ट ह्यांना सांगितली असेल. एकदाच. ह्यांचं डोकं तेव्हा पेपरात होतं. पण पाट्या बदलायच्या धांदलीत हा माणूस तेवढ्यासाठी एका टोकाचा सातवा बल्ब बसवून दुसऱ्या टोकाचा सातवा काढून आला होता.

"हो," मी शेठना म्हटलं. "सातवा बंदच असतो."

साहेब मान हलवत म्हणाले, "असेलही. आमच्याकडे काहीतरी बंद असतंच."

ह्यांना नोकरी मिळाली. सासूबाईंना समुद्रातून काढायला दोघी जणी लागल्या.

पुढच्या सुट्टीला हे आपणहून म्हणाले, "चल, तुझी मुंबई दाखव." ठाण्याला बस बदलून आम्ही दोघं गेलो. सासूबाई आल्या नाहीत. "गार समुद्र बघून काय करू?" म्हणाल्या.

आधी नायगावला गेलो. दादा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. आमच्या खोलीत आता दुसरे लोक होते. त्यांनी अर्धंच दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, "कोणी नाही." नळ मात्र तसाच वाजत होता.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हला पोचलो. मला वाटलं, आता ह्यांचे डोळे विस्फारतील. तर हे दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजायला लागले. एका हवालदारानं अडवलं, "काय मोजताय, ओ?"

"खांब," हे म्हणाले. "आमच्याकडेपण हाच रस्ता आहे."

हवालदारानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, आहे. फक्त समुद्र गरम आहे." तो टोपी सारखी करून पुढे गेला.

मग दिवे लागले. एका दमात, पार टोकापर्यंत, सगळेच्या सगळे. हे कठड्यावर बसले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक दिवा बघत गेले. शेवटी म्हणाले, "माझं फारच लहान झालं गं."

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होते. खरी मुंबई मोठी आहे, सुंदर आहे, तिच्या भेळेत कुरमुरे आहेत आणि तिच्या गेटवेतून गेलं की समुद्रच लागतो. 'छोटी मुंबई'त ह्यातलं एकही धड नाही. मुंबईला मी गेले काय आणि आले काय, तिला पत्ता नव्हता, आणि तो असावा असं मी म्हणणारही नाही. तिला कामं पुष्कळ. पण माझी सगळी बडबड गोळा करून कोणीतरी तिचे खांब रोवले होते, उलटे का होईना.

शेजारी हे झोपले होते. खिडकीतून वारा येत होता. मी उठून काच खाली ओढली आणि त्यांचं डोकं कडेच्या दांड्याला आपटू नये म्हणून भिवंडी येईपर्यंत मध्ये हात धरून बसले.