पिवळ्याला पिवळं

माझ्या बायोडाट्यात उंची, रंग, शिक्षण झाल्यावर शेवटची ओळ होती : सिकलसेल कार्ड, पिवळे. ती ओळ आईनं टाकायला लावली. सिकलसेल म्हणजे आईबापाकडून रक्तात येणारा आजार. ज्याला आजार झाला त्याचं कार्ड लाल. ज्याच्या अंगात नुसता आहे, त्रास काही नाही, त्याचं पिवळं. ज्याच्या रक्तात काहीच नाही त्याचं पांढरं. माझं पिवळं आणि माझ्या धाकट्या भावाचं लाल. आईबाबांनी स्वतःचं रक्त कधी तपासलंच नाही.

पिवळं म्हटल्यावर दोन ठिकाणांहून नकार आला. मग आई हट्टालाच पेटली. म्हणाली, "मंगळाच्या पोरीले मंगळाचाच पोरगा पाह्यतात. दोष दोषाले खाऊन टाकते. आपण पिवळ्याले पिवळंच पाहू." आणि मी, बीएस्सी झालेली शहाणी, मान डोलावली. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आईनं सहा महिने खपून बोरी अरब गावचा मुलगा शोधला. घरची शेती, मोटार रिवाइंडिंगचं दुकान, स्वभावानं शांत आणि कार्ड पिवळं. साक्षगंध झालं. आई आमच्या आर्णी गावभर सांगत फिरली की पत्रिका तर जुळलीच, कार्डही जुळलं. मला तो आवडला होता, हेही सांगून टाकते. रोज फोन व्हायचा.

लग्नाला दीड महिना उरला असताना भावाला घेऊन मी यवतमाळच्या दवाखान्यात गेले. दर महिन्याला त्याच्या गोळ्या आणायच्या असतात. त्या दिवशी तिथल्या समुपदेशक ताईंनी तरुण पोरापोरींना एका खोलीत बसवलं होतं. विषय लग्न आणि मूल. पोरं खाली पाहून हसत होती. भाऊ म्हणाला, "चाल बसू, तसाही नंबर यायला टाइम आहे."

ताईंनी विचारलं, लग्न जुळवताना कार्ड कोणी पाहिलं? मी हात वर केला. पहिल्या बाकावरच्या हुशार पोरीसारखा. म्हटलं, "आम्ही पाहिलं ना ताई. दोघांचंही पिवळं. एकदम बरोबर जुळलं."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावर चार चिठ्ठ्या मांडल्या. एक पांढरी, दोन पिवळ्या, एक लाल. म्हणाल्या, "आई पिवळी, बाप पिवळा, तर प्रत्येक बाळाच्या वेळी या चारातली एक चिठ्ठी निघते. पहिलं बाळ चांगलं निघालं म्हणून दुसऱ्या वेळी लाल चिठ्ठी कमी होत नाही." मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "हीच जोडी टाळावी म्हणून तर आम्ही कार्डं देतो गं."

 मी टेबलावरच्या लाल चिठ्ठीकडेच पाहत होते. भावानं मात्र विचारलं, "माझं लाल आहे. मी लग्न केलं तर?" ताई म्हणाल्या, पांढऱ्या कार्डाच्या मुलीशी केलंस तर सगळी मुलं पिवळी होतील, आजारी कोणीच नाही. तो माझ्याकडे पाहायला लागला. ज्याच्यासाठी घरात सगळे रडायचे त्याचा रस्ता मोकळा आणि माझा ठरलेला रस्ता बंद.

नंतर ताईंनी मला बाजूला बसवलं. लग्न मोडा असं मी म्हणणार नाही, म्हणाल्या. दिवस राहिल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाची तपासणी होते, पण लाल निघालं तर काय करायचं ते तुम्हालाच ठरवावं लागेल. आणि ते आधी दोघांनी बसून बोला.

घरी आल्यावर मी चप्पल न काढताच आईला सगळं सांगितलं. ती ऐकायलाच तयार नाही. "काही होत नाही. मंगळाचं कसं असते..."

"मंगळाचं नको सांगू आई," मी ओरडले. "तुम्ही दोघं पिवळे असल्याशिवाय हा लाल झालाच नसता. तुमचंही पिवळ्याले पिवळंच जुळलं होतं."

आई भिंतीला टेकून खाली बसली. वीस वर्षं तिनं देव केले, उपास केले, कोणाची नजर लागली म्हणून सासूला बोल लावले.  मला तिची दया आली आणि रागही तेवढाच आला.

भाऊ खाटेवर बसून होता. मी त्यालाच विचारलं, "तू सांग, काय करू?"

"मले काहून विचारते?"

"मग कोणाले विचारू?"

 तो म्हणाला, "हाडं दुखतात त्या दिवशी विचारशील तर मोड म्हणीन. आज बरा आहो, तर कर म्हणून राह्यलो. तुह्यं तूच पाह्य."

त्या हाडांचं दुखणं मी जवळून पाहिलंय. दहावीच्या पेपराला बसलेल्या त्याला मास्तरांनी उचलून आणलं होतं. त्याचे पाय मी रात्र रात्र चोळलेत. तपासणी करून लाल निघालं तर मी ते बाळ ठेवणार नाही, हे मला ठाऊक होतं. ते करायची हिंमत मात्र नव्हती.

चार दिवस मी आणि तो बोरीचा मुलगा फोनवर बोललो. शेवटी दोघांच्या संमतीनं मोडलं. तो रडला, मीही रडले.

भावाला सांगायला गेले तेव्हा तो गोळी घेत होता. म्हटलं, "मोडलं रे."

"बरं केलं," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

मग माझ्या लक्षात आलं की मी त्याला काय सांगितलं. तुझ्यासारखं मूल मला नको, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. आणि त्याला ते माझ्याआधी कळलं होतं.