सगळ्यांच्या आधी ईद मुबारक

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बरं, राहू द्या, हसा. या किश्श्यात गाढव एकच आहे आणि ते आत्ता तुमच्यासमोर बसून चहा पितंय.

पाथरीचे रशीदभाई टेलर आमचे जुने दोस्त. मी सोनपेठचा, सरकारी कचेरीतला कारकून. दरवर्षी भीमजयंतीला हा माणूस पहिल्या एसटीनं सोनपेठला येतो. आमच्या घरात अजून कुणाची आंघोळ झालेली नसते, आणि हे कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे! "जयभीम साहेब! पहिला नंबर माझा ना?"

दरवर्षी पहिला नंबर त्यांचाच. मला मनातून फार लागायचं हो! म्हणून मागच्या वर्षी ठरवलं, की ईदेला आपण पहिले. अख्ख्या पाथरीच्या आधी आपण. त्यांच्याचकडून नवा कुर्ता शिवून घेतला आणि आठ दिवस आधीच घरी आणून ठेवला. तीन वेळा गळाभेट घेतात म्हणून आरशासमोर उशीला मिठ्या मारून सरावही केला. त्यात हसण्यासारखं काय आहे?

ईदेच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, "जायच्या आधी एक फोन करा."

मी म्हटलं, "शुभेच्छा काय फोन करून द्यायच्या असतात? कॅलेंडरात उद्याची तारीख लाल आहे. छापलंय ते!"

आमच्या खात्यात छापील कागदाला फार मान. त्या रात्री मी नऊलाच झोपलो आणि पहाटेची गाडी धरली. बसमध्ये मोबाइल बघितला, तर एकाही ग्रुपवर ईदेची एकही शुभेच्छा नाही. काय सांगू तो आनंद! सगळं जग झोपलंय आणि आपणच पहिले!

पाथरीत उतरलो तर स्टँडसमोरच्या हॉटेलला रमजानात लावतात तो पडदा तसाच. म्हटलं, काढायचा विसरला बिचारा. वाटेत ईदगाहाचं मैदान लागलं, तिथं माणूस नाही. म्हटलं, काय शिस्त आहे बघा, नमाज आटोपून घरीसुद्धा गेले! गल्लीत शिरलो तर कुणाच्या अंगावर नवा कपडा नाही. म्हटलं, संध्याकाळसाठी जपून ठेवले असणार. आंधळ्याला तरी काठीनं कळतं हो. मला डोळे होते आणि वर कॅलेंडर होतं.

रशीदभाईंच्या दारात पोचलो तर आत मशीन खडखड चाललेली. मान खाली घालून त्यांची शिलाई सुरू. ईदेच्या दिवशीसुद्धा काम! माझा ऊर भरून आला. "ईद मुबारक!" असा आवाज दिला की समोरच्या भिंतीवरचं मांजर उडी मारून पळालं.

रशीदभाईंनी मान वर केली. माझ्या नव्या कुर्त्याकडं पाहिलं, हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडं पाहिलं. मग उठले आणि हात पसरून म्हणाले, "या, या साहेब! लय आनंद झाला तुमाला बघून."

मी एक, दोन, तीन, मोजून मिठ्या मारल्या. सराव कामाला आला.

घरात त्यांची सत्तरीची आई, म्हणजे आमच्या अम्मी, पत्नी शबानाभाभी आणि आठ वर्षांची मुलगी सानिया. मी प्रत्येकाला ईद मुबारक केलं. भाभींनी अम्मींकडं पाहिलं. अम्मींनी डोळ्यांनीच काहीतरी सांगितलं, आणि भाभी तडक स्वयंपाकघरात गेल्या.

"बस बेटा, पंख्याखाली बस," अम्मी म्हणाल्या. "उन्हाचं आलास."

थोड्या वेळानं तुपात भाजलेल्या शेवयांचा वास आला. मग दूध आटल्याचा, मग खारकेचा, चारोळीचा. माझ्या तोंडाला जे पाणी सुटलं ते शीरखुर्म्याची वाटी हातात येईपर्यंत थांबेना. मी पहिला चमचा घेतला तर भाभी दारातच उभ्या.

"भाऊजी, साखर बरोबर हाय का हो? मी काय चाखलेलं न्हाई."

"जराशी हवी," मी म्हटलं. अन्नपूर्णा किती विनयशील असावी! स्वतः चाखतसुद्धा नाही, पाहुण्याला विचारते! त्यांनी साखर घातली, परत विचारलं. मी परत चाखलं. असं चाखता चाखता एक वाटी संपली आणि दुसरी आली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी एकटाच खायलोय. अम्मी शेजारी बसून हातातल्या विंझण्यानं मला वारा घालत होत्या.

"हे चालायचं नाही!" मी गरजलो. "ईद काय माझ्या एकट्याची आहे? सगळ्यांनी वाट्या घ्या!"

"तुमी खावा साहेब," रशीदभाई म्हणाले. "आमचं होईल की सावकाश."

"ते सावकाश वगैरे काही नाही! तुम्ही वाट्या घेतल्याशिवाय मी चमचा उचलणार नाही."

अम्मींनी मान हलवली. भाभींनी वाट्या भरल्या आणि चौघंही त्या वाट्या हातात धरून बसले. मी लगेच मोबाइल काढला, झकास फोटो घेतला आणि आमच्या दोस्तांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'रशीदभाईंच्या घरी सहकुटुंब शीरखुर्म्याचा आस्वाद. ईद मुबारक! सर्वात आधी, तुमचाच खंदारे.'

एवढ्यावर थांबलो असतो तर? पण थांबेन तो मी कसला! सानियाची वाटी तशीच भरलेली दिसली. मी चमचा भरला आणि तिच्या तोंडाशी नेला.

"घे बेटा. काकाच्या हातचा एक घास."

पोरीनं ओठ घट्ट मिटले.

"लाजतीस काय? आ कर, आ!"

तिनं मान मागं घेतली. तिचे डोळे पाण्यानं भरले आणि ती अम्मींकडं बघायला लागली. चमच्यातलं दूध तिच्या ओठांना लागेल न लागेल एवढं जवळ होतं. अम्मींनी हळूच माझं मनगट धरलं. "राहू दे बेटा. ती सांजेला खाईल."

मी म्हटलं, आजकालच्या पोरींची थेरं! आणि तो चमचा मीच खाल्ला. तिसरी वाटी चालू होती.

तेवढ्यात रशीदभाईंचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, पण पलीकडचा आवाज असा की गल्लीच्या टोकापर्यंत जावा. फोन होता हाजीचाचांचा. गल्लीतले सगळ्यात वडीलधारे, आणि आमच्या ग्रुपवरही तेवढेच जागरूक.

"रशीद! काल आख्ख्या पाथरीला चांद दिसला न्हाई. तुझ्या एकट्याच्याच छपरावर उगवला का रे? रोज्याच्या दिवशी घरदार वाट्या घेऊन बसलंय, अन् वर फोटो काढायलेत!"

माझा चमचा हातातच राहिला. काल चांद दिसला नाही. म्हणजे आज ईद नाही. म्हणजे आज तिसावा रोजा. म्हणजे हे चौघं पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेता बसलेत, आणि मी त्यांच्यासमोर अडीच वाट्या...

भुई दुभंगली असती तर मी त्या वाटीसकट आत गेलो असतो.

अम्मींनी फोन मागून घेतला. "हाजीसाब, वाट्या हातात हायत, पोटात न्हाईत. घरी मेहमान आलाय. संध्याकाळी या, मग बोलू." आणि फोन ठेवून मला परत वारा घालायला लागल्या.

"अम्मी, मला दारातच सांगायचं ना हो!" माझा रडवेला आवाज. मी घाईघाईनं तो फोटो काढून टाकला आणि खाली माफी लिहिली.

"कसं सांगू बेटा? नवा कुर्ता घालून, एवढ्या लांबून, एवढ्या खुशीनं आलास. उद्या ये म्हणलं असतं तर तुझं तोंड केवढंसं झालं असतं."

"मग खोटं तरी किती बोलायला लावलं मी तुम्हाला!"

"एक पण न्हाई," रशीदभाई हसले. "रोज्यात खोटं बोलत न्हाईत साहेब. जिभेचा पण रोजा असतो."

मी सकाळपासूनचं एकेक वाक्य आठवून पाहिलं. 'लय आनंद झाला.' 'आमचं होईल की सावकाश.' 'सांजेला खाईल.' एका शब्दानं कुणी खोटं बोललं नव्हतं आणि एका शब्दानं मला कमीपणा येऊ दिला नव्हता. माझी आयुष्यभराची कारकुनी त्यापुढं पाणी भरते. खरं सांगतो, त्या घटकेला त्या दहा बाय बाराच्या खोलीत मला माझं डोकं उचलायची लाज वाटली.

आणि सानिया? ते भाभींनी सांगितलं. पोरगी महिनाभर एका रोज्यासाठी मागं लागली होती. ऊन फार म्हणून सगळे नाही म्हणत होते. शेवटी परवा अम्मी म्हणाल्या, उद्या चांद नाही दिसला, तर तिसावा तुझा. काल सगळी गल्ली गच्चीवर चांद दिसू दे म्हणून दुवा मागत होती. ही एकटी कोपऱ्यात उभी राहून दिसू नये म्हणून मागत होती! तिचा हा आयुष्यातला पहिला रोजा. आणि मी? चमचा घेऊन 'आ कर, आ'!

"सानिया, बेटा, माफ कर काकाला."

"काका, मी तोंड उघडलंच न्हाई!" ती छाती काढून म्हणाली.

मला राहवेना. मी उभा राहून जाहीर केलं, "आता संध्याकाळपर्यंत मीसुद्धा पाण्याचा थेंब घेणार नाही. तुमच्याबरोबरच सोडणार!"

"काका," सानिया म्हणाली, "तुमी तीन वाट्या खाल्ल्यात."

"आतापासून, बेटा. आतापासून."

सगळे घरी जा म्हणत होते, पण मी हटलो नाही. रशीदभाई मशीनवर बसले. चांद न दिसल्यामुळं गिऱ्हाइकांना एक दिवस वाढून मिळाला होता आणि कपड्यांचा ढीग कमरेइतका. मी बटणं लावू लागलो. टेलर माणूस सुईत ओवताना दोरा ओठांत ओला करतो, तुम्ही पाहिलंच असेल. रशीदभाईंनी महिनाभर त्यासाठी वाटीत पाणी आणि एक चिंधी ठेवलेली. दोरा चिंधीला लावायचा, ओवायचा, परत मशीन. कुरकूर नाही, कपाळाला आठी नाही.

एक वाजेपर्यंत मी ते कौतुकानं पाहिलं. दोन वाजता वीज गेली. तीन वाजता माझी नजर त्या वाटीतल्या पाण्यावरून हटेना. परभणीकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. जीभ टाळ्याला चिकटली. "किती वाजले?" असं मी सानियाला पाच वेळा विचारलं. ती आठ वर्षांची पोर मला समजवायची, "काका, घड्याळ बघू नका. घड्याळ बघितलं की ते हळू चालतं."

चार वाजता मी हात धुवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेलो. लिंबाच्या सावलीत माठ. बाजेवर सानिया ओढणी तोंडावर घेऊन झोपलेली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मी भिंतीकडं तोंड केलं आणि दोन पेले गटागटा, श्वास न घेता... मिशी पुसली. कुणी पाहिलं नाही!

संध्याकाळी रोजा सोडायला दस्तरखान अंथरलं. हाजीचाचा भलंमोठं टरबूज घेऊन आले. सकाळच्या बोलण्याबद्दल त्यांनी आधी रशीदभाईंची माफी मागितली, मग पहिल्या रोज्याचा म्हणून सानियाच्या गळ्यात मोगऱ्याचा हार घातला. पोरीचं तोंड सुकलेलं, पण डोळे असे चमकत होते की मी बघतच राहिलो. मग त्यांनी मला विचारलं, "खंदारेसाब, तुमी पण सकाळपासून पाणी न्हाई घेतलं म्हणं?"

दिवसभर ज्या घरात एक खोटा शब्द निघाला नव्हता, तिथं मी मान हलवली. होकारार्थी!

"माशाअल्ला!" म्हणत हाजीचाचांनी दुसरा हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. अजान झाली. सानियानं ताटातला पहिला खजूर उचलला आणि स्वतः खायच्या आधी माझ्या हातावर ठेवला. "घ्या काका, सोडा रोजा." आणि गोड हसली. मी तिच्याकडं न बघताच तो खजूर तोंडात टाकला.

घरी आल्यावर मात्र मी हार बायकोला दाखवला. वर्षभर माझ्या कडक उपवासाची गोष्ट कचेरीत सांगितली, गल्लीत सांगितली, बायकोला तर जेवताना रोज.

यंदा कॅलेंडराकडं बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी मुकाट फोनची वाट बघत बसलो. बायको शेजारीच होती. फोन वाजला, मी मोठ्या ऐटीत स्पीकर लावला.

"काका, सानिया बोलते. चांद दिसला! उद्या या."

"येतो बेटा, येतो! पहिला नंबर माझाच!"

"अन् काका..."

"बोल की."

"यंदा पाणी आमच्यात बसून प्या. भिंतीकडं तोंड करून नका पिऊ, ठसका लागतो."

फोन बंद झाला. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. आत गेली आणि पाण्यानं भरलेला तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला.