गाईच्या खुंट्याची नोंद

बारामतीत घरी बसून मी अमेरिकेतल्या तेलाच्या विहिरी शोधते. हे सांगितलं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या चपलांकडे बघतो. काम तसं साधं आहे. तिकडे तेलाच्या नि गॅसच्या विहिरींचे कागद सरकार इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडे ठेवतं. परवाना कधीचा, खोली किती, बुजवली केव्हा. मी ते हुडकून तक्ता भरते. तक्त्यातला शेवटचा रकाना शेऱ्याचा.

या कामात पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकले. विहीर नावानं शोधायची नाही. कंपन्या विकल्या जातात, जमिनीचे मालक बदलतात, भोक मात्र जागचं हलत नाही. म्हणून अक्षांश-रेखांश टाकायचे.

शेळगावला माझे वडील असतात. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, आम्हीही. त्यांचं एकच पालुपद. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या रानात सरकारी मशीन आलं होतं, तेल शोधायला, आणि चिखलावर तेलाचा तवंग त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की पारावर लोक त्यांना गोडेतेलाचा भाव विचारायचे. तात्या हसण्यावारी न्यायचे, कारण साक्षीदार घरातच होती. आई म्हणायची, "व्हय, आठ दिस त्या मानसांच्या भाकरी मीच थापल्या." आम्हा भावंडांना वाटायचं, नवऱ्याची बाजू सावरतेय.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर कुणी भाव विचारला की तात्या मुकाट्यानं उठून घरी यायचे. मला ते बघवेना. जगाच्या विहिरी शोधते आणि बापाची एक सापडत नाही, म्हणजे काय?

एका रविवारी जाऊन म्हटलं, जागा दाखवा. ते डाळिंबाच्या बागेतून तरातरा चालत थेट गाईपाशी थांबले. "हितं." जमिनीतून हातभर वर आलेला गंजका लोखंडी पाइप, आणि त्याला गाईचं दावं. लहानपणापासून आम्ही त्याला खुंटाच समजत होतो. गाय मोबाइल चाटायच्या आत मी जागेचे आकडे टिपून घेतले.

आपल्याकडच्या तेलाच्या नोंदींत काहीच निघालं नाही. आमच्या काळ्या दगडात निघायचं तरी काय होतं म्हणा. हिरमुसून लॅपटॉप मिटणार होते, तेवढ्यात भूजलाच्या सरकारी नोंदी आठवल्या. तिथं गावाच्या नावानंही काही मिळेना. मग आकडे टाकले, आणि नकाशावर ठिपका उमटला, बरोबर गाईच्या जागी. पाण्याच्या शोधासाठी घेतलेलं बोअर. वर मुरूम, खाली काळा दगड, खोली, आणि साल तेच, आईबापांच्या लग्नाचं.

कागद छापून पुढच्या रविवारी शेळगाव गाठलं. तात्यांना ओट्यावर बसवून सरळ सांगितलं की ते लोक तेल नाही, पाणी बघत होते, आणि तवंग बहुतेक मशीनच्या डिझेलचा असेल. ते आता रुसणार, याची माझी तयारी होती.

"पर मशीन आलं व्हतं?"

"आलं होतं, तात्या."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन उजेडात धरला. मग म्हणाले, "मंजी तुजी आई खरंच बोलत व्हती."

तात्यांवर नव्हता तसा आईवरही मी कधी विश्वास ठेवला नव्हता, आणि ते तिला ठाऊक असणार. तात्यांचं बोट मात्र कागदावरून ओळीओळीनं खाली चाललं होतं.

"भाकरीचं कुठं लिवलंय?"

कुठंच नव्हतं. शेऱ्याचा रकाना कोरा होता. सरकारी नोंदीत आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही, हे मी रोज पाळते. मी पर्समधून पेन काढलं.

"आठ दिस," तात्या सांगू लागले, "आन दोन्ही वक्ताला."