झडतीमामांचा संशय

माणसाच्या कमरेला हात लावून त्याचं वजन उतरलंय की चढलंय हे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते डॉक्टर नव्हते. रबाळ्याला आमच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. सुटीचा भोंगा झाला की एकेकाची झडती घ्यायचे, म्हणून झडतीमामा. हे तोंडावरचं नाव. पाठीमागं जे म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

मला त्यांचा राग होता, खोटं कशाला सांगू. मी चौथी शिकलेला, पण उभ्या जन्मात दुसऱ्याच्या खिळ्याला हात लावला नाही. आणि हे रोज माझे खिसे चाचपणार! एकदा मी हात वर करायचंच नाकारलं.

"मी काय चोर आहे?"

"चोर कोण म्हणतंय? संशय हाय, आरोप न्हाई. हात वर."

मागची रांग शिव्या द्यायला लागली, तरी मी चांगली पंधरा मिनिटं हटलो नाही. मामाही हटले नाहीत. आम्ही दोघंही साताऱ्याकडचे, पण गाववाला म्हणून सूट? नाव नको. कुणाचा चहासुद्धा घेत नसत. म्हणायचे, "गेटवरच्या माणसानं फुकटचा चहा घेतला की त्याचा हात आंधळा होतो."

मी आणि किसन धुलाईच्या टाकीवर होतो. किसन खाडीकाठच्या गावचा, हसरा गडी. मशीनवरून आलेले तेलकट पार्ट गरम रसायनाच्या वाफेत सोडायचे, की कोरडे ठणठणीत होऊन वर येत. वास गोडसर. सुटीच्या आधी त्याच रसायनात बोळा बुडवून आम्ही हात पुसायचो. साबणानं तासभर निघणार नाही ते ग्रीस एका फटक्यात साफ. मामा झडती घेताना आमचे हात हुंगायचे.

"हे पार्टाला लावायचं, अंगाला न्हवं."

आम्हाला वाटायचं, रसायन चोरून नेतोय का, ते बघतायत. वॉचमनला दुसरं काय कळणार?

एका संध्याकाळी किसनच्या कमरेवर त्यांचा हात थांबला.

"पट्टा दोन भोकं आत गेलाय तुझा. दिवाळीपासनं."

"मामा, बायकोपेक्षा तुमचंच जास्त लक्ष हाय माझ्या कमरेवर!" किसन म्हणाला. रांग खो खो हसली. मामा हसले नाहीत.

"उपास धरतोस? न्हाई ना? मग मोठ्या दवाखान्यात जा. आणि काम काय करतोस ते डॉक्टरला आधी सांग."

किसननं मला विचारलं. त्याचं पोट दुखायचं ते पाठीत निघायचं. घराण्यात कुणाला नसताना नुकतीच साखर निघाली होती. मी म्हटलं, "खबरदार! हा कंपनीचा माणूस. तुझ्या हातात दवाखान्याचा कागद दिसला की घरी बसवतील." त्यानं माझं ऐकलं. चार महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. मामा रोज विचारायचे, "गेलास का?" आणि किसनच्या आधी मीच बोलायचो, "तुमचं काम खिसे बघायचं, तेवढं बघा."

मग किसनचे डोळे पिवळे झाले. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलाय. मी डॉक्टरला टाकीबद्दल विचारलं. ते म्हणाले, एका माणसाबद्दल खात्रीनं सांगता येत नाही, त्याची तंबाखूही आहे. पण अशा काही रसायनांवर संशय आहे. हे पोटात खोल असतं, कळेपर्यंत उशीर होतो. लवकर आला असता तर ऑपरेशनचा विचार तरी करता आला असता.

किसन गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेटवर जाऊन मामांना धरलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"थोरला भाऊ कपडे ड्रायक्लीन करायच्या दुकानात होता. तिथंबी ह्याच वासाचं रसायन, आणि तोबी असाच वाळत वाळत गेला. त्याचा पट्टा घरात खुंटीवर असायचा. रोज डोळ्यांपुढं. मी कधी बघितला न्हाई."

"मग हे किसनला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

मी काय म्हणालो असतो ते मला माहीत होतं.

हटून बसणं मात्र मला येतं. दुसऱ्या दिवशी ऑफिससमोर बसलो. नवे हातमोजे आणि वाफ ओढणारा पंखा आल्याशिवाय टाकीला हात लावणार नाही म्हटलं. नऊ दिवस बसलो. येता-जाता मामा पाण्याची बाटली ठेवून जायचे. दहाव्या दिवशी पंखा आला, हातमोजेही.

आता मी नेरूळला मुलाकडे असतो. मामा गावी गेले, पण महिन्याला त्यांचा फोन येतो. बरं आहे का, जेवलास का, काही नाही. एकच प्रश्न, "कितवं भोक?" मी उठून पट्टा बघतो, मग सांगतो.

परवा सांगितलं, "चौथं."

"मागं तिसरं होतं."

"हो. सून म्हणते, वयानं होतं. उद्या मोठ्या दवाखान्यात नंबर लावलाय. टाकीवर किती वर्षं होतो ते नातीकडून कागदावर लिहून घेतलंय, सगळ्यात वर."

मामा म्हणाले, "संशय हाय. आरोप न्हाई."

"ठाऊक आहे मामा," मी म्हटलं. "हात वर केलेत. घेऊ दे झडती."